परेरा सरांचं एकच वाक्य

परेरा सरांचं एक वाक्य फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात सुरू व्हायचं आणि उजवीकडे अगदी खाली, मॉनिटर हजेरीचा आकडा लिहितो तिथे जाऊन संपायचं. आकडा पुसला जायचा. मॉनिटर कुरकुरायचा. सर म्हणायचे, "अरे, मुलं रोजच येतात, असं वाक्य रोज येत नाही."

घाटकोपरला आमची शाळा पत्र्याच्या तीन शेडमध्ये भरत असे. नववीचा आणि दहावीचा वर्ग यांच्यामध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत होती. एका बाजूला मी मराठी शिकवायची, दुसऱ्या बाजूला सर इंग्रजी. त्यामुळे फी न भरता आणि मनात नसताना मी कित्येक वर्षं त्यांच्या वर्गात बसले. माझ्या मुलांनी अभंगाचा अर्थ लिहिता लिहिता मध्येच इंग्रजीतलं 'विच' आणि 'हूज' लिहिलेलं मी तपासलेलं आहे.

सरांना शाळेत घेतलं, ते ख्रिस्ती म्हणून. संस्थेच्या चिटणिसांनी त्यांची पँट, बूट आणि आडनाव पाहिलं आणि मुलाखत तिथेच आटोपली. "यांच्या घरी इंग्रजीच बोलत असणार," असं ते आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगत. सरांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. मी एकदा त्याबद्दल छेडलं तर म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही, बाई."

खरी गोष्ट अशी की सर अंधेरीच्या पूर्वेकडच्या एका जुन्या गावठाणातले. पिढ्यान् पिढ्या भातशेती करणारं घर. घरात मराठी, तीही अशी की माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षिकेलाही निम्मी कळायची. इंग्रजी ते एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडून छडीखाली शिकले होते, नियमामागून नियम. म्हणून त्यांचं इंग्रजी बोलीतलं नव्हतंच, ते पेटीतल्या कपड्यांसारखं घडी न मोडलेलं होतं. पावसाळ्यात ते सायकलवरून साकीनाका ओलांडून, असल्फ्याचा चढ चढून शाळेत येत, तेव्हा त्यांच्या बुटांना शेतातला चिखल असायचा. तो बाहेर दगडावर खरवडून ते वर्गात शिरत आणि पहिलाच प्रश्न विचारत, "काल ज्या दोन वाक्यांना आपण एकटं सोडून घरी गेलो, ती कुठली?"

सुटी सुटी वाक्यं त्यांना बघवत नसत. त्या काळी सरकारने इंग्रजी आठवीपासून ठेवलं होतं. "तीन वर्षांत काय शिकवू? फुलस्टॉपसुद्धा नीट येणार नाही," असं म्हणत त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि वाक्यं जोडणं हेच इंग्रजी असं ठरवून टाकलं. फळ्यावरची उदाहरणं नेहमी शेतातली. पाऊस आला. आम्ही भात लावलं. बांध फुटला. काका धावले. ही चार वाक्यं मुलांनी एकात बसवायची. बसवताना कॉमा चुकला की सर डोळे मिटून उभे राहत, जणू कुणी त्यांचंच पाऊल तुडवलंय.

कॉमा आणि फुलस्टॉपचा फरक त्यांनी सायकलवरून समजावला होता. खरीखुरी सायकल वर्गात आणून. "फुलस्टॉप म्हणजे सायकल स्टँडला लावणं. उतरलात, विषय संपला. कॉमा म्हणजे नुसता एक पाय जमिनीला टेकवणं. बूड सीटवरच. पुढे जायचंय हे विसरायचं नाही." हा धडा पोरांना इतका आवडला की पुढे महिनाभर शाळेच्या आवारात जो तो सायकलवर बसून कॉमा देत होता.

दुसरा त्यांचा नियम म्हणजे मुख्य गोष्ट शेवटी. एका मुलाने लिहिलं होतं, मी काल आलो नाही, कारण मला ताप होता. सर म्हणाले, "दारात पाहुणा आला की त्याला तिथेच विचारतोस का रे, काय काम आहे म्हणून? आधी बसव. पाणी दे. आईची चौकशी कर. मग तो आपणहून सांगेल. वाक्याचंही तसंच." त्या मुलाचं नाव शिरोडकर. त्याने हे मनावर घेतलं आणि वार्षिक परीक्षेत गायीवरचा अख्खा निबंध एका वाक्यात लिहिला. गाय काय करते ते अकराव्या ओळीत कळत होतं. सरांनी स्वतःचं फाउंटन पेन त्याला बक्षीस दिलं.

"सर, हे जरा जास्तच होतंय," मी स्टाफरूममध्ये म्हणाले. "वाचणाऱ्याला तोवर धीर नको का?"

"ज्याला धीर नाही त्याने वाचू नये."

"आणि वाचणं हे त्याचं कामच असेल तर?"

"मग तर धीर हवाच." असं म्हणून ते माझ्याकडे अशा दयाळू नजरेने बघत की मी माझ्या वह्यांकडे वळत असे.

त्यांचं म्हणणं खरं वाटावं असं घडतही असे. आमच्या गंगाराम शिपायाला गावी जाण्यासाठी महिन्याची रजा हवी होती. सरांनी त्याचा अर्ज लिहून दिला. हेडमास्तर तो घेऊन खिडकीपाशी गेले, चष्मा पुसून परत आले, पुन्हा खिडकीपाशी गेले आणि शेवटी त्यांनी सही करून टाकली. नंतर मला खासगीत म्हणाले, "नाही म्हणायचं तर काय मागितलंय ते कळायला हवं ना." गंगाराम मात्र गावभर सांगत सुटला की परेरा सरांच्या अर्जाला नकार येतच नाही. मग काय, रेशनकार्डापासून रेल्वेच्या नोकरीपर्यंत सगळे अर्ज सरांकडे येऊ लागले. त्यांना कंटाळा माहीत नव्हता. कुणाचं काय काम आहे यापेक्षा त्या कामात किती वाक्यं जोडता येतील याचाच त्यांना आनंद.

एका ऑक्टोबरात त्यांनी मला आगेऱ्याला घरी बोलावलं. नव्या भाताच्या लोंब्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, नेऊन आशीर्वाद घ्यायचा हा त्यांच्या गावचा सण. स्टॉपवर ते सायकल घेऊन उभे होते. गावाकडे जाताना एका शेताच्या बांधाशी आलो, तेव्हा ते सायकलवर नव्हतेच, हातात धरून चालत होते, तरी तिथे थबकले. मग म्हणाले, "बापाचं शेत. बांधावर सायकल चालवलेली त्याला खपत नसे. बांध खचतो. लहानपणी एकदा मार खाल्लाय, तेव्हापासून इथे आलो की पाय आपोआप खाली येतो." बाप जाऊन वीस वर्षं झाली होती.

घरी त्यांची आई रोजामाय ओट्यावर बसलेली. काष्टा घातलेलं लुगडं, कानात जड सोनं. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून तिने विचारलं, "यो शाळंत बोलते काय गो?"

"खूप बोलतात," मी म्हटलं.

"घरात तर दोन शब्द बोलत नाय."

ते खरंच होतं. घरी सर 'हाय', 'नाय', 'वाढ' एवढ्यावर भागवत. वाक्य जोडायची हौस फक्त इंग्रजीत होती.

त्याच गावाला पुढच्या नाताळानंतर सरकारी नोटीस आली. कारखान्यांसाठी जमीन हवी होती. एकोणीस घरांची शेतं नकाशात लाल रेघेच्या आत आली होती, त्यात सरांच्या बापाचं शेत अगदी मधोमध. हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी, असं खाली छापलेलं. गावाची जुनी रीत अशी की लावणी सगळ्यांनी मिळून आळीपाळीने एकमेकांच्या शेतात करायची, सण मिळून, शेजारच्या गावाशी भांडणही मिळून. तेव्हा हरकतही मिळून द्यायची हे कुणी ठरवलंसुद्धा नाही. आणि लिहिणार कोण हे तर देवानेच ठरवलं होतं.

सर बारा दिवस त्या वाक्यावर बसले. एकोणीस घरं, त्यांची शेतं, विहिरी, कुणाचा मुलगा बोटीवर, कुणाची म्हातारी आंधळी, पाण्याचा ओहोळ, देवळाची वाट, सगळं एका वाक्यात. शाळेत मधल्या सुट्टीत ते कागद उलगडत, एखादा कॉमा काढत, पुढच्या सुट्टीत तिथेच परत घालत. पूर्ण झाल्यावर त्यांनी मला वाचून दाखवलं. मधमाशीसारखा गुणगुणता आवाज. मला मध्येच एक डुलकी लागली असावी, पण तेवढ्याने काही चुकलं नाही.

"सर, यात आम्ही जमीन देत नाही हे कुठे आहे?"

"शेवटच्या ओळीत. घाई करू नका, बाई."

खाली एकोणीस सह्या आणि अंगठे झाले. पहिली सही सरांची. अर्ज कचेरीत पोचला आणि गाव निर्धास्त झालं. परेरा सरांच्या अर्जाला नकार येतच नाही, हे आता सरांच्या गावातही ठाऊक होतं.

मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना, शनिवारी, शाळा सुटता सुटता शिरोडकर आला. गायीच्या निबंधाचा शिरोडकर आता त्याच कचेरीत कारकून होता, खिशाला सरांचं पेन. आल्याबरोबर सरांच्या पाया पडला.

"सर, काय वाक्य आहे! कचेरीत कुणाला कळलं नाही, पण मी तीनदा वाचलं. आणि तो शेवट, सर! झकास!"

सर लाजले. मी म्हटलं, "शिरोडकर, तू नुसतं हे सांगायला आलास?"

त्याने पाहुण्यासारखं पाणी मागितलं, प्यायला, सरांच्या आईची चौकशी केली आणि मग मुख्य गोष्टीवर आला. अर्ज एक, म्हणून रजिस्टरमध्ये हरकत एकच नोंदली होती, पहिल्या सहीच्या नावाने. बाकी अठरा घरांपुढे 'हरकत नाही' असा शेरा पडणार होता. प्रत्येक मालकाने स्वतंत्र अर्ज द्यायला हवा होता. मुदत सोमवारी संध्याकाळी संपत होती.

"अरे, पण सगळे त्यात आहेत. मी जोडलेत सगळ्यांना," सर म्हणाले.

"तेच तर झालं ना, सर," शिरोडकर म्हणाला.

सर बाकावर बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, उद्या याल? अर्ज तुम्ही लिहायचे."

"मी? माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच. मी लिहायला बसलो तर सोमवार संध्याकाळपर्यंत दुसऱ्या माणसाच्या 'विच'पाशी असेन."

इंग्रजी कच्चं असल्याचा आयुष्यात मला झालेला हा एकमेव फायदा. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर सगळं गाव रोजामायच्या ओट्यापुढे रांगेत उभं राहिलं. एकेक जण येई, आपल्या बोलीत सांगे, आणि मी मला येत होतं तेवढं लिही. हे माझं शेत आहे. हे माझ्या वडिलांचं होतं. मी इथे भात पिकवतो. मी ते देणार नाही. चार वाक्यं, चार फुलस्टॉप. सर शेजारी स्टुलावर बसून स्पेलिंग बघत होते. मी दिलेल्या प्रत्येक फुलस्टॉपला त्यांचा एक उसासा. पाचव्या अर्जाला त्यांना राहवलं नाही, त्यांनी हळूच पेन पुढे केलं. रोजामायने त्यांच्या हातावर फाडकन चापट मारली. "लिवू दे तिला."

तिचाही एक तुकडा होता, माहेराकडून आलेला, विहिरीसकट. ती सगळ्यात शेवटी आली. "शेत माजा हाय. हीर माजी हाय. मी नाय देनार. लिव." तीन वाक्यं झाली आणि तिने अंगठा दिला.

"सर, आता तुमचा," मी नवा कागद घेतला.

"माझा आहेच की. तोच. रजिस्टरला नोंदलाय."

"अहो, पण नवा देऊ. चारच वाक्यं. पाच मिनिटांत होईल."

"बाई, ते वाक्य बारा दिवसांचं आहे," ते म्हणाले. मी कागद तसाच पुढे धरून ठेवला. त्यांनी तो घेतला, नीट घडी घालून माझ्याच पर्समध्ये परत ठेवला. अजून मला वाटतं, मी हट्ट करायला हवा होता. त्यांच्या हाताखाली मी शिकलेली नव्हते, मला काय भीती होती? पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी पर्स मिटली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सुनावणीला मी रजा काढून गेले. लांबलचक खोली, बाकांवर सगळं गाव सणाच्या कपड्यांत. साहेब तरुण होते आणि वाईट नव्हते, फक्त त्यांच्यापुढे फायलींचा ढीग होता. पहिलं नाव सरांचं. शिरोडकरने फाईल पुढे ठेवली.

"बोला, तुमचं काय म्हणणं आहे?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

सर अर्जाची नक्कल घेऊन उभे राहिले आणि त्यांनी वाक्य सुरू केलं. सुरुवात फार सुंदर होती. साहेबांनी कौतुकाने मान डोलावली. ओहोळापर्यंत ते ऐकत होते. देवळाच्या वाटेपाशी त्यांनी घड्याळ पाहिलं. आंधळ्या म्हातारीपाशी टेलिफोन वाजला. साहेब फोनवर बोलत होते तोवर सर बोट ओळीवर ठेवून थांबले, एक पाय टेकवल्यासारखे. फोन ठेवून साहेब म्हणाले, "छान. परिस्थिती तुम्ही उत्तम मांडली आहे. धन्यवाद. पुढचे?"

शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या. शिरोडकर खुर्चीतून अर्धवट उठला. त्या खोलीत त्या ओळी पाठ असलेला तो एकटाच. पण साहेबांनी हात पुढे केला, त्यात दुसरी फाईल द्यावी लागली आणि तो खाली बसला. मी मनात म्हणत होते, सर, बोला, मराठीत बोला, नुसतं 'नाय' म्हणा, घरी म्हणता तसं! पण वाक्याच्या मध्येच मुख्य गोष्ट टाकणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी कागदाची घडी केली आणि ते बसले.

रोजामायचं नाव पुकारलं तेव्हा ती कठड्याला धरून उभी राहिली. साहेबांनी विचारायच्या आधीच म्हणाली, "मी नाय देनार."

साहेब मराठीवर आले. "काय म्हणता आजी?"

"शेत माजा हाय. हीर माजी हाय. नाय देनार."

साहेबांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

खोटं कशाला सांगू, माझ्या चार चार वाक्यांनीही फारसं कुणाचं काही वाचलं नाही. बहुतेक शेतं गेलीच. कडेचे दोन तुकडे आणि रोजामायची विहीर तेवढी नव्या नकाशात रेघेच्या बाहेर राहिली. कुणी म्हणे हरकतीमुळे, कुणी म्हणे तिथून रस्ता वळवला म्हणून. सरांच्या बापाच्या शेतात पंख्यांचा कारखाना आला.

सर त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलले. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. "शिरोडकरने फाईल पाहिली. माझ्या अर्जाखाली साहेबांनी शेरा मारलाय. हरकत स्पष्ट नाही." मग म्हणाले, "आईला व्याकरण येत नाही म्हणून ती वाचली." आणि हसले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गावर गेले.

वाक्यं जोडायला ते पुढेही शिकवत राहिले, त्याच उत्साहाने. तट्ट्यापलीकडून ऐकताना मात्र माझ्या लक्षात आलं, पाऊस, भात, बांध आणि काका त्यांच्या फळ्यावरून गेले होते. आता उदाहरणं पाठ्यपुस्तकातली असत. रामा गरीब आहे. रामा प्रामाणिक आहे. मुलं ती चुटकीसरशी जोडत.

दोन वर्षांनी मला मुलुंडच्या शाळेत जागा मिळाली आणि मी घाटकोपर सोडलं. त्यानंतर सर मला एकदाच दिसले. मी अंधेरीला एका लग्नाला बसने निघाले होते. पंख्यांच्या कारखान्याच्या लांबच लांब भिंतीपाशी पुढे एक ट्रक आडवा आला म्हणून बस थांबली. समोरून सर सायकलवर येत होते, तोच कोट, मागे वह्यांचं बोचकं. मी हाक मारणार होते. रस्ता नवा डांबरी, सरळ, रिकामा. भिंत जिथे सुरू होते तिथे त्यांनी ब्रेक लावला. तिथे ना वळण होतं, ना खड्डा, ना कुणी आडवं आलं होतं. ते सीटवरच बसून राहिले आणि त्यांनी एक पाय जमिनीला टेकवला. भिंतीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग पाय उचलून ते पुढे गेले.